अळंबीचे बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली: ठशापासून मोजमापापर्यंत

अळंबीची ओळख पटवताना रंग, वास, टोपीचा आकार, देठावरची कडी या खुणा उपयोगी पडतात, पण त्या बदलतात. पावसाने रंग धुऊन जातो, कडी गळून पडते, जुनी टोपी उलटी वळते. बीजाणू, म्हणजे ज्यांपासून नवी अळंबी रुजते ते सूक्ष्म कण, मात्र फारसे बदलत नाहीत. एका जातीच्या पिकलेल्या बीजाणूंचा आकार, लांबी-रुंदी, भिंतीची जाडी आणि पृष्ठभाग ठरावीक मर्यादेतच राहतो. म्हणून दिसायला सारख्या वाटणाऱ्या दोन जाती वेगळ्या करायच्या असतील, तर शेवटी सूक्ष्मदर्शकाकडे वळावंच लागतं.

बहुतेक अळंब्यांचे बीजाणू ५ ते १५ मायक्रोमीटर लांब असतात. एका मिलिमीटरमध्ये १००० मायक्रोमीटर, म्हणजे ८ मायक्रोमीटर लांबीचे १२५ बीजाणू ओळीने ठेवले तर जेमतेम एक मिलिमीटर भरेल. इतक्या बारीक गोष्टीचं मोजमाप चुकतं ते भिंगामुळे क्वचितच. चुका होतात त्याआधी: कच्चे बीजाणू घेतल्यामुळे, काचपट्टीवर गर्दी केल्यामुळे, आडव्यातिडव्या पडलेल्या बीजाणूची लांबी मोजल्यामुळे. म्हणून या लेखात भिंगात डोकावण्याआधीच्या कामालाच जास्त जागा दिली आहे.

आधी ठसा

सरळ कल्ल्याचा (टोपीखालच्या पातळ पडद्याचा) तुकडा कापून काचपट्टीवर ठेवला तरी बीजाणू दिसतात, पण त्यांत पिकलेले, अर्धे वाढलेले आणि नुकतेच फुगू लागलेले असे सगळे मिसळलेले असतात. त्यांची सरासरी काढली तर आकडा लहान येतो. अळंबीने स्वतः टाकलेले बीजाणू मात्र पिकलेलेच असतात. त्यामुळे मोजमापासाठी नेहमी बीजाणूंचा ठसा घ्यावा.

पूर्ण उघडलेली, पण अजून ताजी टोपी निवडा. देठ टोपीलगत कापा. कल्ल्यांची बाजू खाली करून टोपी स्वच्छ काचेवर ठेवा, वर पाण्याचा एक थेंब सोडा आणि वाटी किंवा पेला उपडा घाला. चार तासांत पुसटसा ठसा उमटू लागतो, रात्रभर ठेवली तर बहुधा चांगला दाट येतो. झाडाच्या खोडावरच्या कडक, छिद्रांच्या अळंब्यांना जास्त वेळ लागू शकतो. शाईसारख्या विरघळणाऱ्या कोप्रायनसची मात्र कोवळी टोपी घ्या आणि लवकर उचला, नाहीतर काचेवर काळं पाणी उरतं.

वर वाटी का घालायची, हे समजून घेण्यासारखं आहे. बीजाणू नुसता गळून पडत नाही, उडवला जातो. बॅसिडियमच्या, म्हणजे बीजाणू तयार करणाऱ्या कल्ल्यावरच्या पेशीच्या, टोकावर बारीक काड्यांवर (त्यांना स्टेरिग्मा म्हणतात) तो बसलेला असतो. सुटण्याआधी त्याच्या बुडाशी पाण्याचा एक सूक्ष्म थेंब जमतो. हा थेंब बीजाणूच्या अंगावरच्या पाण्याच्या पातळ थराला मिळाला की पृष्ठताणातून सुटलेल्या ऊर्जेने बीजाणू कल्ल्यापासून दूर फेकला जातो आणि मग गुरुत्वाकर्षणाने दोन कल्ल्यांच्या मधून खाली उतरतो. रेजिनाल्ड बुलर (१८७४–१९४४) या संशोधकाने या थेंबाचा बारकाईने अभ्यास केला, म्हणून त्याला ‘बुलरचा थेंब’ म्हणतात. हवा कोरडी असेल तर थेंब जमत नाही आणि ठसाही येत नाही. वाटीखाली ओलावा टिकतो, शिवाय वाऱ्याने बीजाणू भरकटत नाहीत.

अर्धा पांढरा आणि अर्धा काळा कागद घेण्याची पद्धत प्रसिद्ध आहे, पण मला काच अधिक पटते. काळ्या कागदावर पांढरा ठसा उठून दिसतो हे खरं, पण फिकट पिवळसर आणि शुभ्र यांतला फरक तिथे कळत नाही. काच असली की तीच पांढऱ्या कागदावर ठेवता येते, काळ्यावरही. रुसुलासारख्या गटात पांढरा, मलई, गेरूसारखा पिवळा अशा छटांना महत्त्व असतं. तिथे ब्लेडने ठसा खरवडून त्याची छोटी ढिगुली करा, वर आच्छादन काच दाबा आणि रंग दिवसाच्या उजेडात पाहा. पातळ ठशाचा रंग नेहमी खरा असतो त्याहून फिकट दिसतो.

टोपी सुकून गेली असेल आणि ठसा मिळणार नसेल, तर देठावरची कडी, देठाचा वरचा भाग किंवा खालच्या टोपीचा पृष्ठभाग तपासा. एकाच झुपक्यातल्या अळंब्यांत वरच्या टोपीचे बीजाणू खालच्या टोपीवर पडलेले असतात. तेही पिकलेलेच.

रंग हा पहिला फाटा

भिंगाआधीच ठशाचा रंग बरंच काही सांगून जातो. क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस ही विषारी अळंबी आणि मॅक्रोलेपिओटा प्रोसेरा ही मोठ्या छत्रीची जात कोवळेपणी फारच सारख्या दिसतात, दोघींचे कल्ले तेव्हा पांढरेच. ठसा घेतला की पहिलीचा हिरवट येतो, दुसरीचा पांढरा. भिंगाखालीही फरक राहतो. पहिलीचे बीजाणू साधारण ८ ते १३ मायक्रोमीटर लांब, दुसरीचे १२ ते १८.

उलट, गुलाबी ठसा एकटा पुरत नाही. वारुळावर येणारी टर्मिटोमायसिस आणि एंटोलोमा या दोघींचाही ठसा गुलाबीसर. भिंगात मात्र टर्मिटोमायसिसचे बीजाणू गुळगुळीत लंबगोल असतात आणि एंटोलोमाचे कोनदार, कडा पाडल्यासारखे. हा फरक नवशिक्यालाही पहिल्याच नजरेत कळतो, म्हणून सरावासाठी ही जोडी उत्तम.

लागणारी साधनं

४, १०, ४० आणि १०० पट पदार्थभिंगं असलेला साधा संयुक्त सूक्ष्मदर्शक पुरेसा आहे. घेताना दोन गोष्टी पाहा. कंडेन्सरची (मंचाखालच्या, उजेड एकवटणाऱ्या भिंगाची) झडप उघडमीट करता आली पाहिजे आणि १०० पटीचं भिंग तेलात वापरण्याजोगं असलं पाहिजे. डिजिटल पडद्याच्या खेळण्यांवर ‘२००० पट’ असं छापलेलं असतं, त्याला फारसा अर्थ नाही. दोन बिंदू वेगळे दिसण्याची क्षमता भिंगाच्या संख्यात्मक द्वारकावर, म्हणजे न्युमरिकल अपर्चरवर ठरते. हिरव्या उजेडात ०.६५ अपर्चरचं ४० पटीचं भिंग साधारण अर्ध्या मायक्रोमीटरपर्यंतचे तपशील वेगळे दाखवतं. १.२५ अपर्चरचं तेलाचं भिंग त्याच्या निम्म्यापर्यंत, पाव मायक्रोमीटरच्या आसपास जातं. बीजाणूवरचे बारीक खवले याच टापूत येतात. ते ४० पटीत दिसले नाहीत म्हणून बीजाणू गुळगुळीत आहे असं लिहिणं धोक्याचं.

बाकी सामान थोडंच: काचपट्ट्या, ०.१७ मिलिमीटर जाडीच्या आच्छादन काचा (भिंगं याच जाडीला बेतलेली असतात), बारीक सुई, चिमटा, नवं ब्लेड, टिपकागद, भिंग पुसायचा कागद, इमर्शन तेल आणि नेत्रभिंगात बसणारी मोजपट्टी. शिवाय एकदाच लागणारी, पण अत्यावश्यक अशी स्टेज मायक्रोमीटरची काचपट्टी. तिच्यावर एक मिलिमीटरचे शंभर भाग कोरलेले असतात, म्हणजे प्रत्येक भाग १० मायक्रोमीटरचा.

मोजपट्टी जुळवणं

नेत्रभिंगातल्या मोजपट्टीला स्वतःचं माप नसतं, ती नुसत्या रेघा दाखवते. स्टेज मायक्रोमीटर मंचावर ठेवा, दोन्ही पट्ट्या समांतर करा आणि डावीकडची एक रेघ जुळवून उजवीकडे पुन्हा कुठे रेघा तंतोतंत जुळतात ते पाहा. समजा नेत्रभिंगाचे ८० भाग मायक्रोमीटरच्या २० भागांशी जुळले. २० भाग म्हणजे २०० मायक्रोमीटर. २०० भागिले ८० म्हणजे त्या भिंगात नेत्रभिंगाचा एक भाग २.५ मायक्रोमीटर. प्रत्येक पदार्थभिंगासाठी हे वेगळं करायचं आणि आकडे सूक्ष्मदर्शकाच्या बुडाला चिकटवून ठेवायचे. नेत्रभिंग बदललं की पुन्हा जुळवायचं. दुसऱ्याच्या यंत्राचा आकडा उसना घेऊ नका, एकाच कंपनीच्या दोन यंत्रांतही फरक पडतो.

फोटोवरून मोजणार असाल तर त्याच भिंगातून, कॅमेऱ्याची कुठलीही मांडणी न बदलता मायक्रोमीटरचा फोटो घ्या आणि इमेज-जे सारख्या मोफत प्रोग्राममध्ये तो मापदंड म्हणून द्या. फोनने फोटो काढताना झूम जरासा जरी हलला तरी सगळं मोजमाप वाया जातं.

काचपट्टी तयार करणं

काचपट्टीच्या मध्यावर पाण्याचा अगदी छोटा थेंब ठेवा, आच्छादन काचेखाली जेमतेम पसरेल एवढाच. सुईचं टोक ठशाला नुसतं टेकवा, त्यावर डोळ्यांना जेमतेम धूळ दिसली की पुरे. ती थेंबात ढवळा. नवशिके हमखास जास्त बीजाणू घेतात. मग ते एकावर एक चढतात आणि एकाचीही कड स्वच्छ दिसत नाही. बीजाणू पाण्याला नकार देतात, गुठळ्या करतात, हवा धरून ठेवतात. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा अंश टाकला तर ते सुटे होतात.

आच्छादन काच एका कडेने टेकवून हळूहळू खाली सोडा, म्हणजे बुडबुडे अडकत नाहीत. टिपकागद वर ठेवून पेन्सिलच्या रबराने सरळ खाली दाबा. जादा पाणी निघून जातं, थर पातळ होतो, बीजाणू वाहायचे थांबतात. हे दाबणं टाळलं तर पुढे १०० पटीत बीजाणू सतत तरंगत राहतात. शिवाय त्या भिंगाचं अंतर इतकं कमी असतं की जाड थरात खोलवरचे बीजाणू स्पष्टच होत नाहीत.

ताज्या ठशासाठी मी पाणीच पसंत करतो, कारण बीजाणूचा नैसर्गिक रंग पाण्यातच दिसतो. वाळलेल्या नमुन्यातले बीजाणू आक्रसलेले असतात. ते फुगवायला पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं ३ ते ५ टक्के द्रावण वापरतात. त्यात बीजाणू किंचित मोठे होऊ शकतात आणि काहींचा रंगही बदलतो. म्हणून द्रावण कोणतं होतं हे आकड्यांशेजारी लिहायलाच हवं. हे द्रावण त्वचेला आणि डोळ्यांना जाळतं, भिंगालाही खराब करतं. ते सांडू देऊ नका. रंगहीन, पातळ भिंतीच्या बीजाणूंना काँगो रेड हा रंग थोडा उठाव देतो.

भिंगाखाली

सुरुवात नेहमी ४ किंवा १० पटीपासून. आधी आच्छादन काचेची कड शोधून तिच्यावर फोकस करा, मग आत सरका. असं केलं की योग्य पातळी लगेच सापडते. ४० पटीत आल्यावर कंडेन्सरची झडप थोडी बंद करा. रंगहीन बीजाणू पूर्ण उजेडात जवळजवळ अदृश्य असतात, झडप मिटली की कड उठते. फार मिटली तर मात्र कडेभोवती काळ्या-पांढऱ्या कड्या दिसू लागतात आणि बीजाणूची खरी हद्द कळत नाही. दोन टोकांच्या मधली जागा हाताला सवयीने सापडते.

आता बीजाणूंचा आकार नीट पाहा. एका टोकाला, किंचित बाजूला, चोचीसारखं छोटं टोक दिसेल. त्याला अपिक्युलस म्हणतात, इथेच बीजाणू स्टेरिग्माला जोडलेला होता. ते टोक आणि त्याच्याजवळची एक सपाटसर बाजू दिसली, तर बीजाणू कुशीवर पडलेला आहे. टोक मधोमध दिसत असेल आणि दोन्ही बाजू सारख्या फुगलेल्या असतील, तर तो समोरून किंवा मागून दिसतो आहे. ही ओळख जमली की मोजमाप अर्धं जमलं.

१०० पटीत जाताना मंच खाली न करता भिंग अर्धवट फिरवा, आच्छादन काचेवर तेलाचा एक थेंब ठेवा आणि भिंग त्यात टेकेपर्यंत फिरवा. यानंतर फक्त बारीक फोकसचं चाक वापरा. आणि तेल लावल्यावर ४० पटीचं भिंग पुन्हा त्या जागेवर आणू नका, ते तेलात बुडतं आणि साफ करणं त्रासाचं होतं.

फोकस वरखाली करत पृष्ठभाग तपासा. मध्यावर खवले दिसत नसतील तर कडेवर पाहा, तिथे ते दातेरी रेघेसारखे येतात. भिंत जाड आहे का? वरच्या टोकाला छाटल्यासारखी सपाट जागा आहे का? ते अंकुरछिद्र, म्हणजे जर्म पोअर. कोप्रायनस कोमॅटसच्या काळ्या, १० ते १३ मायक्रोमीटर लांब बीजाणूंवर ते स्पष्ट दिसतं. गॅनोडर्माचे तपकिरी बीजाणू तर दुहेरी भिंतीचे असतात. दोन भिंतींच्या मधे खांबांसारख्या रचना दिसतात आणि टोक छाटलेलं असतं. एकदा पाहिले की ते पुन्हा कुठेही ओळखू येतात.

काही वेळा जे दिसतं ते बीजाणू नसतंच. हवेचा बुडबुडा अगदी गोल असतो आणि त्याची कड जाड काळी असते. तेलाचे थेंब वेगवेगळ्या मापांचे, चकचकीत असतात. जुन्या अळंबीवर बुरशी चढलेली असेल तर तिचेही बीजाणू मिसळतात. काचपट्टीभर एकाच घडणीचे शेकडो बीजाणू आणि त्यांत एखाद-दुसरा वेगळा, असं असेल तर तो वेगळा बाहेरून आलेला समजा.

मोजताना

फक्त कुशीवर पडलेले आणि दोन्ही टोकं एकाच वेळी फोकसमध्ये असलेले बीजाणूच मोजा. तिरपा पडलेला बीजाणू नेहमी आखूड भरतो. अपिक्युलस वगळून लांबी घ्या, खवले किंवा काटे असतील तर तेही वगळा. रुंदी सर्वांत जाड भागाची. सुंदर, मोठे, नजरेत भरणारे तेवढेच निवडण्याचा मोह होतो. तो टाळण्यासाठी दृश्यक्षेत्राच्या एका कडेपासून सरळ रेषेत जावं आणि अटीत बसणारा प्रत्येक बीजाणू मोजावा. निदान २० ते ३० बीजाणू मोजल्याशिवाय आकड्यांवर भरवसा ठेवू नये. शक्य असेल तर एकाहून अधिक अळंब्यांचे मोजावे.

नोंद अशी करतात: (७.१) ७.६–९.२ (९.८) × ५.०–६.१ मायक्रोमीटर. कंसातले आकडे तुरळक टोकाचे, बाहेरचे बहुसंख्यांचे. यासोबत प्रत्येक बीजाणूची लांबी भागिले रुंदी काढा. या गुणोत्तराला ‘क्यू’ म्हणतात. ८.४ लांब आणि ५.६ रुंद असेल तर क्यू १.५. १.०५ पर्यंत गोल, १.३ ते १.६ लंबगोल, २ ते ३ दंडगोल, अशी प्रचलित विभागणी आहे. धिंगरीच्या प्लुरोटस ऑस्ट्रिएटसचे बीजाणू साधारण ७ ते ११ × २.५ ते ४ मायक्रोमीटर, म्हणजे ठळक दंडगोल. माझ्या मते एकट्या लांबीपेक्षा क्यू अधिक विश्वासाचा, कारण मोजपट्टी थोडी चुकीची जुळली असली तरी गुणोत्तर बिघडत नाही.

आकड्यांत दोन वेगळे गट पडले, काही बीजाणू बाकीच्यांहून ठळकपणे मोठे निघाले, तर कल्ल्याचा पातळ काप घेऊन बॅसिडियम तपासा. बहुतेक जातींत एका बॅसिडियमवर चार बीजाणू असतात, पण काहींत दोन. दोन असले की ते मोठे होतात. बटन मशरूम, अ‍ॅगॅरिकस बायस्पोरस, हे दोन बीजाणूंचं नेहमीचं उदाहरण.

आयोडीनची चाचणी

पांढऱ्या किंवा फिकट ठशाच्या अळंब्यांसाठी ही चाचणी फार मोलाची आहे. मेल्झरचं द्रावण म्हणजे आयोडीन, पोटॅशियम आयोडाइड, क्लोरल हायड्रेट आणि पाणी. रुसुलाचा अभ्यास करणाऱ्या वाक्लाव मेल्झर यांनी ते १९२४ मध्ये मांडलं. त्यात बीजाणूची भिंत किंवा तिच्यावरचे खवले निळे-काळे झाले तर बीजाणू अ‍ॅमिलॉइड, तांबूस-तपकिरी झाले तर डेक्स्ट्रिनॉइड, नुसते पिवळसर राहिले तर अक्रिय.

रुसुला आणि लॅक्टेरियसचे बीजाणू या द्रावणात पाहण्यासारखे असतात. अंगावरचे खवले आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा काळ्या होऊन पूर्ण नक्षी उठून येते. अमानितामध्ये हीच चाचणी गट पाडते. प्राणघातक अमानिता फॅलॉइडीसचे बीजाणू अ‍ॅमिलॉइड, तर अमानिता मस्कॅरिया आणि अमानिता सीझेरियाचे नाहीत. आता, मस्कॅरियाही विषारीच आहे. म्हणजे चाचणी विष दाखवत नाही, गट दाखवते. बीजाणू पाहून अळंबी खाण्याजोगी ठरवणं कधीही करू नये.

डेक्स्ट्रिनॉइड रंग सावकाश चढतो, दहा-पंधरा मिनिटं थांबा. शंका असेल तर शेजारी पाण्यातली काचपट्टी ठेवून तुलना करा. अमोनिया किंवा पोटॅशियम हायड्रॉक्साइड लावलेल्या काचपट्टीत हे द्रावण मिसळू नका, सगळं गढूळ होतं. क्लोरल हायड्रेट विषारी आहे आणि अनेक देशांत त्यावर निर्बंध आहेत. ते न मिळाल्यास लुगोलचं आयोडीन वापरता येतं. निळा रंग त्यातही दिसतो, तांबूस रंग मात्र तितका भरवशाचा नाही. गडद ठशाच्या अळंब्यांवर हा खटाटोप करू नये, मूळ रंगातच सगळं झाकून जातं.

नोंद आणि जपणूक

ठसा घेतलेल्या काचेवर दुसरी काच ठेवून कडा चिकटपट्टीने बंद करा, किंवा ठसा अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर घेऊन दुमडा. कोरड्या जागी तो वर्षानुवर्षं तपासता येतो. त्यावर तारीख, जागा, अळंबी कशावर उगवली होती (माती, शेण, कोणत्या झाडाचं लाकूड) आणि वाळवलेल्या नमुन्याचा क्रमांक लिहा. मोजमापाच्या कागदावर द्रावण, भिंग, मोजलेल्या बीजाणूंची संख्या आणि ते ठशातून घेतले की कल्ल्यातून, हे चार तपशील हवेतच. ते नसतील तर नंतर कुणालाही त्या आकड्यांची पुस्तकातल्या वर्णनाशी तुलना करता येत नाही.

बंद खोलीत बरेच ठसे हाताळत असाल तर तोंडावर मास्क लावा. बीजाणूंची धूळ सतत श्वासात गेली तर फुप्फुसांना त्रास होतो, धिंगरीच्या लागवडघरांत काम करणाऱ्यांत तो आढळलेला आहे. काम संपल्यावर १०० पटीच्या भिंगावरचं तेल भिंगाच्या कागदाने टिपून घ्या, घासू नका. तेल सुकून राहिलं तर पुढच्या वेळी प्रत्येक बीजाणू धुरकट दिसतो आणि दोष काचपट्टीत शोधत बसावं लागतं.